भावाला अमेरिकेत इशापूरची जुनी एन्फील्ड रायफल घ्यायचीय. काय बघून घ्यावी, साफ कशी करावी?

औंधरोडवाला:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ ओहायोत असतो, ग्रीन कार्ड आहे, आणि गेले काही महिने त्याच्या डोक्यात जुनी मिलिटरी रायफल घ्यायचं चाललंय. तिकडे आपल्या बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातल्या रायफली सरप्लसमध्ये गेलेल्या अजून फिरतात म्हणे. त्याला दोन सापडल्यात. एक थ्री नॉट थ्री, पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली आहे, स्वस्तात देतोय. दुसरी तशीच दिसते पण ७.६२ मिमी काडतुसाची, मॅगझिन जरा चौकोनी, तिच्यावर २ए१ लिहिलंय, ती थोडी महाग. दोन्ही ग्रीसमध्ये बरबटलेल्या आहेत असं फोटोत दिसतंय. दुकानदार थ्री नॉट थ्रीबरोबर काडतुसांचा एक डबा पण देतोय, आणि पुंगळीच्या बुडावर चक्क केएफ असा शिक्का आहे म्हणजे आपल्या खडकीचा!! माझे बाबा अॅम्युनिशन फॅक्टरीतूनच रिटायर झाले, त्यांना फोटो दाखवला तर चष्मा काढून, परत लावून, मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बघत बसले होते कितीतरी वेळ.

तर प्रश्न असे की कुठली घ्यावी, घेताना काय तपासायचं, ते ग्रीस कसं काढायचं, आणि ही जुनी काडतुसं मारली तर चालतील का. मी दिवाळीनंतर त्याच्याकडे जाणार आहे तेव्हा दोघांनी मिळून रेंजवर जायचा बेत आहे, मी कॉलेजला एनसीसीत .२२ मारलीय तेवढाच अनुभव. आणि शेवटचं म्हणजे असली एखादी इथे पुण्यात रीतसर मिळू शकते का? आणि बाबांसाठी त्या डब्यातलं एक काडतूस आणता येईल का आठवण म्हणून?

कायद्याचं_बोला:
शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो कारण त्यात गडबड झाली तर महागात पडेल. इथे मिळणार नाही. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ दोन्ही आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर म्हणजे मनाई असलेल्या मापाच्या, आर्म्स अॅक्टच्या कलम ७ खाली येतात, सामान्य माणसाच्या नेहमीच्या लायसनवर ते येतच नाही. आपल्याकडे पोलिसांच्या, लष्कराच्या जुन्या रायफली बाजारात विकायची पद्धत नाही. परवाना काढून रायफल हवीच असेल तर .३१५ आहे, ती पण इशापूरचीच, बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) रचना एन्फील्डवरूनच घेतलेली. पण त्यासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज, कारण द्यावं लागतं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, चौकशी होते, आणि नुसती हौस हे कारण चालत नाही. नुसता नेमबाजीचा आनंद हवा असेल तर सरळ एखादा रायफल क्लब गाठ, बालेवाडीला १०, २५ आणि ५० मीटरच्या चांगल्या रेंज आहेत. .१७७ बोअरची, २० जूलच्या आतली एअर रायफल असेल तर लायसनच लागत नाही.

आणि काडतूस अजिबात आणू नकोस!! जिवंत काडतूस एक जरी बॅगेत सापडलं तरी गुन्हा दाखल होतो, लोहगावला काय आणि मुंबईला काय, विसरून राहिलं होतं साहेब असं सांगणारे लोक दर थोड्या दिवसांनी पकडले जातात. रिकामी पुंगळी पण नको, स्कॅनरमध्ये ती पुंगळी आहे का काडतूस हे कळत नाही आणि तुझं विमान तुझ्यासाठी थांबणार नाही. बाबांसाठी बुडाचा जवळून काढलेला मोठा फोटो आण, फ्रेम करून लाव.

एरीकाठचा_पुणेकर:
मी पण ओहायोतच आहे म्हणून घेण्याबद्दल सांगतो. भाऊ ग्रीन कार्डवाला आहे म्हणजे त्याला घेता येते, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, झालं. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र लक्षात ठेवा, एच१बी किंवा टुरिस्ट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायचीच मनाई आहे, आणि रेंजवर दुसऱ्याची हातात घेतली तरी ते त्यातच धरतात. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे त्या राज्याचं शिकारीचं लायसन, ते चालू असलं की तो अपवाद लागू होतो. त्यामुळे औंधरोडवाला, तू येणार व्हिजिटर व्हिसावर, तर तुला रायफलला हात लावायच्या आधी भावाने तुझ्यासाठी नॉन-रेसिडेंट हंटिंग लायसनचं बघून ठेवावं आणि रेंजवाल्यांना पण आधी फोन करून विचारावं. हे लोक फार हलक्यात घेतात, घेऊ नका, पुढे ग्रीन कार्डच्या वेळेला नडतं.

भावाला हा नाद पुढे पण ठेवायचा असेल तर सी अँड आर लायसन काढायला सांग. ५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुका गोळा करणाऱ्यांसाठी असतं, ३० डॉलरमध्ये ३ वर्षं, आणि मग असली रायफल दुसऱ्या राज्यातून सरळ घरी मागवता येते. इशापूरच्या २ए१ आता जवळजवळ सगळ्या त्या वयात आल्यात.

स्वस्त म्हणशील तर तो काळ गेला. २०१० च्या आसपास इथे रशियन मोसिन नागांत १०० डॉलरच्या आत मिळायची, दुकानात पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असायच्या, ४४० काडतुसांचा पत्र्याचा डबा पण मिळायचा. आता त्याच्या कितीतरी पट झालंय. तरी अजून इशापूरची त्यातल्या त्यात परवडते कारण कलेक्टर लोक ब्रिटिश शिक्क्यांच्या मागे असतात आणि आपल्याला नेमकी आपलीच हवी असते.

दोन्हीतली कुठली घ्यावी तर मी डोळे झाकून २ए१ म्हणीन. ही रायफल ६२ च्या युद्धानंतर आपल्याकडे बनली, वरून सगळी जुनी एन्फील्ड पण ७.६२ नाटोसाठी, त्यासाठी जास्त चांगलं पोलाद वापरलेलं, मॅगझिन १० ऐवजी १२ चं आणि नेम धरायची मागची साइट २००० यार्डांऐवजी ८०० मीटरपर्यंत. ७.६२ ची गोळी इथे कुठल्याही दुकानात ताजी मिळते हा फार मोठा फायदा आहे, फक्त शिकारीसाठीची जी जास्त ताकदीची .३०८ मिळते ती तिच्यात घालू नका, साधी ७.६२ नाटोच घ्या. थ्री नॉट थ्री आता महाग झालीय आणि शोधावी लागते.

अजून एक, इशापूरच्या नावावर तिसरा एक प्रकार पण फिरतो, .४१० मस्केट. दिसायला सेम एन्फील्ड पण आत नळीला आटेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत, पोलीस आणि जेलच्या पहाऱ्यासाठी, छर्ऱ्याचं काडतूस एका वेळी एकच भरून मारायला केलेली. फोटोवरून फसायला होतं, म्हणून नळीत डोकावल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आर्मरर_काका:
वरच्यांनी घेण्याचं आणि कायद्याचं चांगलं सांगितलंय. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, या रायफली शेकड्यांनी उघडल्यात, म्हणून हत्याराबद्दल लिहितो. जरा लांबेल पण पूर्ण वाच आणि भावाला पण वाचून दाखव.

तार गुंडाळलेली घेऊ नका. ती तार शोभेला नाही, ती रायफल ग्रेनेड फेकायला वापरायची. नळीच्या तोंडावर कप बसवून त्यातून ग्रेनेड उडवायचा, त्याचा धक्का इतका असतो की लाकूड फाटतं म्हणून तार. आणि बहुतेक वेळा आधीच झिजलेल्या रायफली या कामाला काढायचे. त्यातली एखादी धडधाकट असेलही पण स्वस्तात मिळते म्हणून तोंडाजवळ धरून मारायची ही वस्तू नाही. तसंच डीपी असा शिक्का असेल तर ती ड्रिलची, चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) भोक पाडलेलं असतं किंवा काडतुसावर ठोकर मारणारा स्ट्रायकर कापलेला असतो. कोणी तुकडे जोडून चालू करून विकत असेल तर तिथून निघा.

दुकानात गेल्यावर सगळ्यात पहिले बोल्टच्या दांड्याचा नंबर आणि बॉडीचा नंबर जुळतो का बघ. एन्फील्डचा बोल्ट दुसऱ्या रायफलीत सहज बसतो, सरकतो, बंद पण होतो, आणि तोच धोका आहे. प्रत्येक बोल्ट त्या त्या बॉडीला घासून बसवलेला असतो. नंबर वेगळा म्हणजे हेडस्पेसचा भरवसा नाही. हेडस्पेस म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली मोकळीक. जास्त असली की फायर होताना पुंगळी मागे ताणली जाते आणि बुडाजवळ फाटते, मग तिथून तापलेला गॅस थेट तुमच्या तोंडाकडे येतो. हे डोळ्यांनी बघून किंवा हात लावून कळत नाही, गेजनेच (मापाच्या ठोकळ्याने) कळतं. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर नाही झाला पाहिजे. हे गेज ७.६२ ला वेगळे आणि थ्री नॉट थ्रीला वेगळे, कारण थ्री नॉट थ्रीचं माप रिमवर घेतात आणि ७.६२ चं खांद्यावर. तिकडे गनस्मिथ असतात ते थोड्या पैशात करून देतात. हे केल्याशिवाय एक पण राउंड मारायचा नाही.

नळी दोन्हीकडून बघा. मागून उजेड टाका, आटे धारदार दिसले पाहिजेत. थोडी काळपट असली तरी चालतं, एन्फील्डच्या काळ्या नळ्या पण नेमाला चांगल्या निघतात, पण खड्डे पडलेत का बघा कारण त्या खड्ड्यात पुढे मीठ बसतं, त्याचं खाली सांगतो. मग नळीच्या तोंडाशी डमी राउंडची (दारू नसलेल्या काडतुसाची) गोळी उलटी घालून बघा. पुंगळीची मान तोंडाला टेकायला आली तर नळीचं तोंड झिजलंय, बरीच बाहेर राहिली तर ठीक. ही झीज गोळ्या मारल्याने फारशी होत नाही, पुढून सळई घालून साफ करणाऱ्यांमुळे जास्त होते. एन्फील्डचा बोल्ट मागून निघतो, त्यामुळे सफाई कायम मागून, पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून एका सरळ ओढीत.

आता ग्रीस. ते नुसतं बाहेर नाही, लाकडात मुरलेलं असतं, बोल्टच्या आत असतं, चेंबरमध्ये असतं. बाहेरचं लोक पुसतात आणि चेंबर तसंच ठेवतात. चेंबरला ग्रीस राहिलं की फायर होताना पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. आणि बोल्टच्या आत स्प्रिंगला ग्रीस राहिलं की स्ट्रायकर मंद पडतो, कॅपवर (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) हलकी ठोकर बसते आणि राउंड फुटत नाही किंवा उशिरा फुटतो. म्हणून बोल्ट उघडून स्ट्रायकर, स्प्रिंग काढून रॉकेलमध्ये भिजत ठेवा, तिकडे मिनरल स्पिरिट मिळतं ते उत्तम, पेट्रोल नको. चेंबरला ब्रश फिरवून कोरडी चिंदी पांढरी निघेपर्यंत पुसा. लाकूड मात्र रॉकेलमध्ये बुडवायचं नाही, लोखंडापासून वेगळं करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवा, ग्रीस पाझरून कागदात येतं, कागद बदलत राहायचा. सँडपेपर मारू नका, शिक्के जातात आणि लाकडाचं माप बिघडतं. शेवटी कच्चं जवसाचं तेल तळहाताने चोळा, थोडंच, मुरू द्या, परत चोळा. आणि तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो, ते दोरीवर पसरून वाळवायचे.

आता तुझ्या बाबांच्या काडतुसांबद्दल. त्या जुन्या थ्री नॉट थ्रीच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मीठच एक प्रकारचं, आणि ते नळीत पसरतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि एका दमट रात्रीत नळीला गंज चढतो. आपण पुण्यात जुलैमध्ये मिठाची बरणी उघडी ठेवत नाही ना, तसंच समज. लोक इथे चुकतात ते असं की मारून झालं की तेल लावतात, सॉल्व्हंट लावतात आणि चकचकीत दिसली की ठेवून देतात. तेलात मीठ विरघळत नाही!! तेलाखाली ते तसंच बसून राहतं. मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून ब्रिटिशांच्या वेळेपासून फौजेत उकळतं पाणी नळीतून ओतायची पद्धत होती आणि ती बरोबर होती. अमेरिकेत कोणी अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड मारा म्हणून सांगेल, त्यात पण काम पाणीच करतं.

पद्धत अशी की रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, बोल्ट काढून चेंबरमध्ये नरसाळं लावायचं, नळीचं तोंड खाली बादलीत, आणि उकळत्या पाण्याची एक किटली ओतायची. पाणी लाकडाच्या आत जाणार नाही इतकं जपायचं, नरसाळ्याला रबरी नळीचा तुकडा लावला की जमतं. नळी इतकी तापते की बरंचसं पाणी आपसूक सुकतं, मग कोरड्या चिंद्या, मग ब्रश आणि सॉल्व्हंटने तांबं आणि काजळी काढायची, मग पातळ तेल. बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि स्ट्रायकरचं टोक पण ओल्या चिंदीने पुसून सुकवायचं, मीठ तिथे पण बसतं. दुसऱ्या दिवशी परत एक तेलाची चिंदी फिरवायची, तपकिरी निघाली तर पुन्हा पाणी. नवीन दुकानातली ७.६२ असेल तर कॅप बहुतेक नॉन-करोसिव्ह म्हणजे गंज न चढवणारी, तिला पाण्याची गरज नाही.

काडतुसं मारायची का? डबा सुका असेल, पुंगळीला हिरवं चढलेलं नसेल, मान तडकलेली नसेल तर फुटतील. पण जुनी दारू आहे. घोडा ओढला आणि नुसता टक् आवाज आला तर रायफल तशीच टार्गेटकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, बोल्टला हात लावायचा नाही, राउंड उशिरा फुटू शकतो. आणि फट् असा दबका आवाज आला, धक्का कमी बसला, तर मारणं बंद, बोल्ट काढून नळी रिकामी आहे ना ते बघायचं, कारण गोळी आत अडकली असेल आणि पुढची मारली तर नळी फुटते.

औंधरोडवाला:
काका, तुमचं सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. कॅपचं वाचल्यावर ते लगेच म्हणाले बरोबर आहे, आमच्याकडे कॅपच्या सेक्शनला वेगळीच शिस्त असायची. भावाने २ए१ वर शिक्कामोर्तब केलंय, पण तो केएफचा डबा सोडवत नाहीये त्याला, म्हणतो ती काडतुसं पण घेतो आणि २ए१ मधून मारतो, दिसायला सारखीच आहेत की. आणि .२२ मारणाऱ्याला ही झेपेल का?

आर्मरर_काका:
नाही!! त्याला आत्ता फोन करून सांग. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ वेगळी काडतुसं आहेत, थ्री नॉट थ्रीला मागे रिम असतं, पुंगळी लांब असते, ते २ए१ च्या चेंबरला बसत नाही आणि कोणी ठोकून बसवायला जाऊ नये. दोन रायफली जुळ्या दिसतात म्हणूनच हे घोळ होतात. डबा आठवण म्हणून कपाटात कुलपात ठेवायचा असेल तर त्याची मर्जी, तिथे तो कायदेशीर आहे.

झेपायचं म्हणशील तर .२२ सारखी सैल धरू नकोस. मागे धातूची पट्टी असते, खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून धर, गाल लाकडाला टेकव, कानाला आणि डोळ्याला संरक्षण घाल. एन्फील्डचा बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग दाबली जाते, म्हणून शेवटच्या इंचाला जोर लागतो, ते नॉर्मल आहे, एकाच झटक्यात पुढे आणि खाली. पहिले २५ यार्डावर कागद लाव, गोळी कुठे जाते ते बघ, मग १०० वर जा.

एरीकाठचा_पुणेकर:
भाऊ कुठल्या भागात आहे? जुन्या मिलिटरी रायफलींची आवड पुढे वाढली तर उन्हाळ्यात लेक एरीच्या काठी कॅम्प पेरीला जा म्हणावं, १९०७ पासून तिथे नेमबाजीच्या नॅशनल मॅचेस होतात आणि जुन्या मिलिटरी रायफलींसाठी वेगळी स्पर्धा असते. तिथे साठी-सत्तरीचे म्हातारे एन्फील्ड घेऊन बसलेले असतात, प्रेमाने सगळं दाखवतात.

आणि एक व्यवहाराचं, पैसे देण्याआधी दुकानदाराकडून लिहून घ्या की गनस्मिथकडे नो-गो गेजवर बोल्ट बंद झाला तर रायफल परत घेईन. चांगले दुकानदार देतात लिहून. नाही म्हणाला तर दुसरी बघा, २ए१ अजून मिळतायत.